‘आमच्याविषयी’च्या पानावर न मावलेलं

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. ड्रॉवरमध्ये पेनांची टोपणं साठतात तसे ते साठतात. टाकून द्यायला म्हणून ड्रॉवर उघडावा, तर एकेक टोपण हातात घेतल्यावर त्याचं पेन आठवतं आणि ड्रॉवर पुन्हा बंद होतो.

माझ्याकडे ते कुठून येतात ते आधी सांगते. नागपुरात धंतोलीत परागची वेबसाइट बनवण्याची छोटी कंपनी आहे. दोन खोल्या आणि तीन माणसं. पराग आमच्या जुन्या शेजारणीचा मुलगा, मला काकू म्हणतो. नाझिया पानं सजवते आणि फोटो काढते. मी मजकूर लिहिते. त्याआधी पंचवीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. छापखाना बंद झाला तेव्हा पराग घरी येऊन म्हणाला, "काकू, माझ्याकडे या. लोकांना स्वतःबद्दल चार ओळी लिहिता येत नाहीत."

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतोय. पण ते खरंच निघालं. दुकानदार येतो, फोन नंबर देतो, नकाशा देतो, मालाचे फोटो देतो. अर्ध्या दिवसात सगळं होतं. मग ‘आमच्याविषयी’ हे पान येतं आणि गाडी अडते. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस वर्गात उभं केल्यासारखा छताकडे बघायला लागतो. "लिहा ना मॅडम, काहीतरी चांगलं." मी म्हणते, "चांगलं मी बघते. तुम्ही फक्त खरं सांगा." मग चहा येतो, माणूस सांगायला लागतो आणि दोन तास थांबत नाही. त्यातल्या आठ ओळी पानावर जातात. बाकीचं माझ्याकडे राहतं.

*

अमरावती रोडवर वाडीला धनराजभाऊंचं गोदाम आहे. लोकांचं घरसामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवून देतात. ते आले तेच फोटो घेऊन. नेटवरून उतरवलेला. कानाला हेडफोन लावलेली एक गोरीपान बाई हसते आहे, मागे काचेची इमारत.

"हे लावा," धनराजभाऊ म्हणाले.

"ही कोण?" परागनं विचारलं.

"कोणी का असंना. लोकाईले भरोसा वाटला पायजे."

मी तेव्हा नवीन होते, काही बोलले नाही. फोटो लागला. खाली ‘आमच्या ग्राहक सेवा प्रमुख’ असं लागलं.

तीन आठवड्यांनी बदली झालेले एक बँकवाले काका गोदामावर आले. ट्रक पाहिले, गोण्या पाहिल्या, समाधान झालं. पण म्हणाले, बोलणं मॅडमशीच करीन. धनराजभाऊंनी सांगितलं, मॅडम सुट्टीवर आहेत. काका पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मॅडम अजून सुट्टीवर? धनराजभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "लग्न होऊन राहिलं ना त्याईचं."

काकांनी शांतपणे मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "तुमच्या मॅडम या दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवरही आहेत. इथे त्या डॉक्टर आहेत. म्हणजे लग्नानंतर शिकल्या म्हणायच्या."

धनराजभाऊंनी काका उभे असतानाच आम्हाला फोन लावला. "काढा ती बाई."

मग मी विचारलं, तुमच्याकडे फोन खरंच कोण उचलतं? त्यांच्या कांतावहिनी. चौदा वर्षं. नाझिया दुसऱ्या दिवशी वाडीला जाऊन फोटो काढून आली. टेबल, रजिस्टर, नाकावर घसरलेला चष्मा, आणि मागे गोधडीत गुंडाळलेलं कुणाचं तरी कपाट. खाली एवढंच लिहिलं: ‘कांताबाई. फोन ह्याच उचलतात.’

काकांचं सामान धनराजभाऊंनीच नेलं. तक्रार आली ती कांतावहिनींची. "चौदा वर्षं कोणी नाव नाही विचारलं मले. आता जो तो ‘कांताबाई आहेत का’ म्हणूनच सुरू करते. अन् सामानाचं राहिलं बाजूले, आधी माही तब्येत विचारतेत."

*

उमरेडहून एसटीनं एक विणकर जोडपं आलं होतं. श्यामराव आणि गंगाबाई. मुलानं पाठवलं होतं, की हातमागाच्या साड्या आता नेटवर विकायच्या. परागचा एक छापील फॉर्म असतो, त्यातले प्रश्न तो सगळ्यांना विचारतो.

"काका, तुमचं मिशन काय?"

"मिशीन नाही जी आमच्याकडं," श्यामराव म्हणाले, "हातमागच आहे."

परागनं फॉर्म बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी गंगाबाईंना विचारलं, गिऱ्हाइकाला आधीच काय सांगून ठेवावं असं तुम्हाला वाटतं? त्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"एका साडीले आठ दिवस लागते," त्या म्हणाल्या. "घाई असन त दुसरीकडं पाहा म्हना."

"असं कोणी लिहिते काय वं?" श्यामराव दचकले. "गिऱ्हाईक पळून जाईन."

"ज्याले पळायचं आहे थो आजच पळू द्या. आठव्या दिवशी भांडन करन त्यापेक्षा बरं."

मी ते वाक्य जवळजवळ तसंच ठेवलं. पराग नाखूश होता. पान लागल्यावर दहा-बारा दिवस काहीच आलं नाही, तो रोज माझ्याकडे बघायचा. मग पुण्याहून एका बाईंची पहिली ऑर्डर आली. निरोपाच्या चौकोनात दोनच शब्द होते: ‘घाई नाही.’ त्यानंतर ज्या आल्या त्यांतल्या निम्म्यांवर तेच. घाई नाही. सावकाश पाठवा. दिवाळीपर्यंत चालेल.

सहा महिन्यांनी श्यामरावांचा फोन आला. "मॅडम, थे ओळ बदलवा."

मी म्हटलं, "मला वाटलंच होतं, कडक वाटते ना?"

"कडक नाही जी. आठ दिवसाच्या जागी दोन महिने लिहा. लोकं नंबर लावून बसले."

*

आमच्या स्वतःच्या वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ हे पान आहे. त्यावर ‘लवकरच येत आहे’ असं लिहिलं आहे.

एकदा निवृत्त झालेले एक गणिताचे सर त्यांच्या शिकवणीचं काम घेऊन आले. येण्याआधी आमची वेबसाइट नीट वाचून आले होते. बसल्या बसल्या त्यांनी परागला विचारलं, "हे तुमचं ‘लवकरच येत आहे’ किती वर्षांपासून आहे?"

"सहा," पराग म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नाही.

"सहा वर्षांपासून येऊन राहिलं म्हणता. मग आता कुठवर आलं? बुटीबोरी तरी पार झाली का?"

सर गेल्यावर आम्ही तिघं बसलोच. बाकीची कामं थांबवून. दुपारभर बसून एक ओळ निघाली: ‘आम्ही वेबसाइट बनवतो.’

नाझिया म्हणाली, "हे तर त्यांना माहीतच आहे. म्हणून तर आले."

ती ओळ आम्ही खोडली.

*

आता माझी स्वतःची चूक सांगते. म्हणजे शुद्धलेखनाची नाही. पंचवीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईकडून ती होत नाही.

इतवारीत मनोहरभाऊंचं फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं दुकान. पान मी मन लावून लिहिलं आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत एक वाक्य टाकलं: ‘विश्वास हीच आमची खरी ओळख.’ मनोहरभाऊ खूश होते. मीही खूश होते.

मला कोणी सांगितलंच नव्हतं, की त्यांच्या दुकानातल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकचं नाव विश्वास आहे.

आधी फायदाच झाला. लोक फोन करायचे आणि म्हणायचे, "वेबसाइटवर नाव आहे त्या विश्वासलाच पाठवा." विश्वास माणूस हाताचा चांगला, बोलायला गोड. एकदा गेला की त्या बिल्डिंगमधले चार फ्लॅट त्याचेच. चार महिने असे गेले. मग त्याला वाटलं, सगळे मलाच बोलावतात तर मी दुसऱ्याच्या दुकानात काहून बसू? त्यानं मनीषनगरला स्वतःचं दुकान टाकलं. भांडण वगैरे नाही, मनोहरभाऊंच्या पाया पडून गेला.

पंधरा दिवसांनी मनोहरभाऊंचा फोन. आवाज पार बसलेला. "मॅडम, ते वाक्य काढा. दिवसातून दहा लोक विचारतात, विश्वास आहे का? अन् मले स्वतःच्या तोंडानं सांगा लागते, की आमच्याकडं आता विश्वास राहिला नाही."

काढलं.

पुढच्या सोमवारी एक माणूस पेढे घेऊन ऑफिसात आला. नवीन दुकान, वेबसाइट करायची आहे. मी वही उघडली आणि म्हटलं, बोला, तुमच्याविषयी सांगा.

"नाही मॅडम, तुम्हाले त्रास नाही," विश्वास म्हणाला. "ते तिकडून काढलेलं वाक्य आहे ना तुमच्याजवळ? चांगलं वाक्य आहे, वाया काहून घालवता."

*

सुजाताताईंचं मात्र हसण्यावारी सांगता येत नाही.

त्या खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढल्या, वडील तिथं बॉयलरवर होते. स्वतः चौतीस वर्षं नर्स. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहा-बारा बायकांना शिकवून तयार केलं आणि घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला पाठवायला सुरुवात केली. वेबसाइटसाठी मुलगा निखिल सोबत आला होता. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, पानावर फक्त ‘सुजाताताई’ लिहा. आडनाव नको."

मी विचारलं, "का?"

तो आईकडे न बघता म्हणाला, "का ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इथं आलेलं. माझं आडनाव ऐकून कोणी आजवर फोन ठेवला नाही, त्यामुळे विचारताना माझ्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. मी वहीत बघत बसले.

सुजाताताईच बोलल्या, पेशंटचा ताप सांगावा तितक्या साध्या आवाजात. "फोनवर आधी नाव विचारतात. मग आडनाव विचारतात. मग ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात."

"म्हणूनच म्हणतो ना आई, नको."

"माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती लाखो लोकांत उभं राहून घेतली. मी माझ्याच पानावर लपून बसू काय?" मग माझ्याकडे वळून, "लिहा मॅडम. सुजाता गजभिये. अक्षर मोठं ठेवा."

मोठं ठेवलं. त्यानंतरचे दोन महिने फार कमी फोन आले. मी काही ना काही निमित्त काढून त्यांना दर आठवड्याला फोन करत होते. एकदा त्यांनीच मला धीर दिला. "येतील, मॅडम. दुखणं काही आडनाव विचारून येत नाही."

मग रामदासपेठेतून एका गृहस्थांचा फोन आला. आई चौऱ्यांशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. ते काय म्हणाले ते सुजाताताईंनी मला शब्दन् शब्द सांगितलं. "आधी जिथून बाई घेतली होती त्यांनी आई पलंगावरून पडली ते चार दिवस आमच्यापासून लपवलं. तुमचं पान वाचलं. तुम्ही लपवणाऱ्यांतल्या दिसत नाही."

पहिल्या दिवशी त्या स्वतः गेल्या. आजींनी पडल्या पडल्या त्यांना खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

त्यांनी सांगितलं. मुलगा दारात उभा होता, तो घाबरलाच.

"बरं," आजी म्हणाल्या. "आता मला कुशीवर कर."

*

महालात वसंतरावांचं कूलर बनवण्याचं दुकान आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, आणि त्या भागातल्या निम्म्या घरांत त्यांचे कूलर. वडील साहेबांच्या बंगल्यांच्या खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावून द्यायचे, तिथून हा धंदा सुरू झाला. वसंतराव साठीचे, कमी बोलणारे. फेब्रुवारीत आले, सीझनच्या आधी पान व्हावं म्हणून.

वडिलांचा फोटो देऊन त्यांच्याविषयी सांगून झाल्यावर मी विचारलं, "तुमच्या कूलरची खासियत काय?"

"पाणी. बाकीच्याचं पाणी एका बाजूनं पडते, अर्धी खस कोरडी राहते. आमचं सारखं पडते. वरच्या नळीले भोकं कशी पाडायची त्याचा हिशेब आहे एक."

"तो तुम्ही शोधला?"

त्यांनी कप उचलला. कपातला चहा संपला होता तरी पुन्हा तोंडाला लावला. "माझ्या भावानं. अरुणनं. कॉलेजात होता तेव्हा. दोन महिने बादली घेऊन गच्चीवर बसला होता. लिहा त्याचं नाव." मग म्हणाले, "आम्ही बोलत नाही. अकरा वर्षं झाली. पण ते त्याचंच आहे."

का बोलत नाहीत ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आठ दिवसांनी सक्करदऱ्याहून एक कूलरवाले आले. वडिलांचा फोटो टेबलावर ठेवला, तर तोच फोटो. अरुणराव. त्यांना माहीत नव्हतं की दादा येऊन गेले आहेत. मी परागकडे पाहिलं. त्यानं हलकेच मान हलवली, म्हणजे एकाच्या पोटातलं दुसऱ्याला सांगायचं नाही. तो आमचा नियमच आहे.

अरुणराव बोलके होते. सगळं सांगितलं, नळीचं सोडून. धंदा कोणी उभा केला म्हणून विचारलं, तर एकदम म्हणाले, "दादानं. बाबा गेले तेव्हा दादा दहावीत होता. शाळा सोडली अन् पत्रा कापायले बसला. मले मात्र एक दिवस बुडवू दिला नाही. लिहा हे. त्यानं पत्रा कापला म्हणून मी शिकलो."

"नावासकट?"

"नावासकट. फक्त दादाले दाखवू नका."

पराग म्हणाला, "काका, वेबसाइट आहे ती. सगळ्या जगाला दिसते."

"जगाले दिसू द्या ना. दादाले नका दाखवू."

दोन्ही पानं मार्चमध्ये एकाच आठवड्यात लागली. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. पण महालात एखादी गोष्ट लपून राहणार किती दिवस. कोणत्या तरी गिऱ्हाइकानं एक पान बघताना दुसरंही बघितलं असणार.

रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं, तर वसंतराव पायऱ्यांवर बसलेले. ऐन सीझनमध्ये, दुकान सोडून. आत आले. खिशातून मोबाइल काढला, त्यावर अरुणरावांचं पान उघडलेलं होतं.

"हे पत्र्याचं," ते म्हणाले, "तुम्ही लिहिलं का त्यानं सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं."

ते पुन्हा वाचायला लागले. स्क्रीन काळी झाली की बोटानं पुन्हा उजळवायची, पुन्हा वाचायचं. नाझिया आली, तिनं न विचारता पाण्याचा ग्लास ठेवला. पराग आला आणि दारातच थांबला.

शेवटी वसंतरावांनी मोबाइल खिशात टाकला. "माझ्या पानावर एक ओळ वाढवायची आहे."

मी वही घेतली.

"लिहा. आमची दुसरी शाखा सक्करदऱ्याला आहे." आणि त्यांनी पत्ता सांगितला. गल्ली, समोरची पिठाची गिरणी, दुकानाचा नंबर, अरुणरावांचा फोन. काहीही न बघता.

मी सगळं उतरवून घेतलं. मग वाटलं, विचारलेलं बरं. "वसंतराव, अरुणरावांना विचारलंत का?"

"त्याले काय विचारायचं," वसंतराव उठत म्हणाले. "मोठा मी आहे."